पिओनीचं बिऱ्हाड

“ती झुडपं मागे टाकून मी या घरातून पाऊल बाहेर काढणार नाही,” मार्लिस टॉलफसनने निक्षून सांगितलं, तेव्हा जानेवारी निम्मा सरला होता, अंगणात मांडीएवढा बर्फ होता आणि ती झुडपं नेमकी कुठे आहेत हेही दिसत नव्हतं.

“मार्लिस, जमीन दगड झालीय,” तिचा नवरा ड्वेन म्हणाला. त्याने अजून चष्माही लावला नव्हता. “वरून खाली सगळा दगड. मे महिन्यात येऊन नेऊ.”

“मे महिन्यात तिथे काँक्रीट असेल.”

खरं तर घर वसंतात विकायचं ठरलं होतं. ड्वेनच्या गुडघ्यांनी जिन्याशी कायमचं वैर धरल्यामुळे मुलीने तिच्या शहरात एकमजली घर बघून ठेवलं होतं. एल्सबर्गसारख्या गावात, मिनेसोटाच्या हिवाळ्यात, घर बघायला कुत्रंही येत नाही असं सगळ्यांनी सांगितलं होतं. नेमकं नाताळात एक तरुण जोडपं आलं, घर बघताक्षणी त्यांच्या मनात भरलं आणि येत्या शनिवारी किल्ल्या द्यायचं ठरूनही गेलं. पोरगा मोठा गोड स्वभावाचा. त्याच्याकडे एक अवाढव्य बोट होती आणि ती उभी करायला त्याला मागच्या दाराशी काँक्रीटचा चौथरा हवा होता.

“तिथे माझी पिओनीची फुलझाडं आहेत,” मार्लिस त्याला म्हणाली होती.

पोराने त्या कोऱ्या बर्फाकडे अदबीने बघितलं. “न्या ना, काकू. अगदी खुशाल न्या.”

मार्लिसने बाकी सगळं धीराने सोसलं होतं. पियानो चर्चला दिला, मुलीची शाळेतली चित्रं मुलीलाच दिली (तिने ती नाक मुरडून घेतली), बैठकीतलं जड कपाट तर पडत्या भावात कुणा अनोळखी माणसाने नेलं आणि मार्लिसने त्याला दार धरून दिलं. पण पिओनीची गोष्ट वेगळी होती. ती तिच्या आईच्या शेतावरची. शेत विकलं तेव्हा नव्या मालकाने घर पाडलं, वाऱ्याला आडवी लावलेली झाडं तोडली आणि पार घराच्या उंबऱ्यापर्यंत मका पेरला. आज तिथे उभं राहिलं तर स्वयंपाकघर कुठे होतं हे मार्लिसलाही सांगता येत नसे. उरली ती त्या वेळी उपटून आणलेली तीन झुडपं. जूनमध्ये पहिलं फूल उमललं की मार्लिस मागच्या पायरीवर जाऊन बसायची. तो वास आला की आई आतून जेवायला हाक मारतेय असं तिला वाटायचं. ती सत्तरीला आली तरी वाटायचं, आणि क्षणभर ती उठायचीही. ड्वेनने हे अनेकदा बघितलं होतं आणि त्यावर कधी थट्टा केली नव्हती. बाकी सगळ्यावर केली होती.

म्हणून त्याने निमूटपणे गॅरेजमधून गिरमिट काढलं. तळ्यावर मासेमारीला जाताना बर्फात भोक पाडायचं हे मोटरवर चालणारं गिरमिट म्हणजे ड्वेनचा अभिमान होता. तळ्यावरचा बर्फ ते लोण्यासारखं कापायचं. मार्लिसने पायरीपासून पावलं मोजून जागा दाखवली, ड्वेनने बर्फ बाजूला सारला आणि यंत्र सुरू केलं. मातीला लागताच ते किंचाळलं, मग जागच्या जागी रुतलं. कुणीतरी फिरायलाच हवं होतं, तेव्हा पातं थांबलं आणि ड्वेन फिरला. तो बर्फाच्या ढिगात जाऊन बसला तेव्हा पात्याचा दात तुटलेला होता आणि जमिनीवर वाटीएवढा ओरखडा पडला होता.

“लागलं का रे?”

“पात्याला लागलं,” ड्वेन रडवेला होऊन म्हणाला.

मग मार्लिसने आपली अक्कल लढवली. घरातलं होतं नव्हतं ते पातेलं चुलीवर चढवून तिने उकळतं पाणी नेऊन ओतायला सुरुवात केली. दुपारपर्यंत पिओनीच्या जागी सुंदर, गुळगुळीत, आरशासारखा बर्फ तयार झाला. ओघळ मागच्या पायरीपर्यंत आले होते. ड्वेन गिरमिट आत ठेवायला निघाला आणि त्या आरशावर त्याने अशी काही घसरगुंडी घेतली की घोटा भोपळ्यासारखा सुजला.

“गावात कुणाला सांगायचं नाही,” पाय उशीवर ठेवून घेत त्याने बजावलं. “फुलझाडापायी पाय गेला हे ऑर्लिनला कळलं तर तो मी कबरीत जाईपर्यंत ऐकवेल.”

ऑर्लिन हा ड्वेनचा जिवलग मित्र. पेट्रोल पंपावरच्या टेबलाशी रोज सकाळी पाचसहा म्हातारे जमत, फासे टाकून कॉफी कुणी पाजायची ते ठरवत आणि गावाचा कारभार चालवत. ड्वेनने ते टेबल वर्षानुवर्षं चुकवलं नव्हतं. तो दुसऱ्या सकाळी दिसला नाही तेव्हा ऑर्लिनचा फोन आलाच.

“ड्वेन कुठाय?”

मार्लिसला उभ्या जन्मात खोटं बोलता आलं नव्हतं. “ड्वेन... नाही येऊ शकत आता, ऑर्लिन,” ती चाचरत म्हणाली. “माझ्याच्याने नाही बोलवत. नंतर सांगते.” आणि तिने फोन ठेवून दिला.

त्याच दिवशी तिला गेलन आठवला. गेलन चर्चच्या कबरस्तानाची राखण करायचा. माणसं काही हिवाळ्यात मरायची थांबत नाहीत आणि गोठलेल्या जमिनीत फावडं चालत नाही. म्हणून गेलनकडे एक शेगडी होती: पिंप उभं चिरून पालथं घालावं तसं लोखंडी झाकण, आत गॅसची ज्योत. दीड-दोन दिवस ठेवली की खालची जमीन वितळून मऊ व्हायची. गावातल्या लहान पोरालाही ती शेगडी ओळखू यायची, आणि ती फक्त एकाच कामाला बाहेर पडायची.

“गेलन, तुझी शेगडी मला हवी आहे,” मार्लिसने फोनवर सांगितलं. तिने त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं.

“बरं, बाई,” गेलन म्हणाला. का, कशाला, असलं त्याने काही विचारलं नाही. एल्सबर्गमध्ये विचारणं बरं दिसत नाही.

गेलनने शेगडी ट्रेलरवर चढवली आणि गावच्या मुख्य रस्त्याने, पेट्रोल पंपाच्या काचेसमोरून, सावकाश नेली. आत टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. ट्रेलर टॉलफसनांच्या घराकडे वळला. ऑर्लिनच्या हातातले फासे खाली पडले आणि ते किती पडले हे कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी शेगडी मागच्या अंगणात पेटली होती, ट्रेलर पुढच्या दारात उभा होता, आणि पहिली हॉटडिश आली, सुखदुःखात शेजारणी भाजून आणतात ते एकाच भांड्यातलं जेवण. खाली खिमा, वर मशरूमचं सूप, त्यावर बटाट्याच्या गोळ्या ओळीने लावलेल्या. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. ज्या बाईने आणली तिने ती मार्लिसच्या हातात दिली, हात दाबला आणि एक शब्द न बोलता गेली. मग दुसरी आली, मग तिसरी.

“किती माया आहे लोकांची,” मार्लिस भारावून म्हणाली. “आपण गाव सोडून चाललो तर बघ.”

“नूडल्सची आहे का त्यात एखादी?” ड्वेनने झोपायच्या खोलीतून विचारलं.

शेवटी लव्हॉन आली. चर्चच्या स्वयंपाकघराचं राज्य लव्हॉनच्या हाती होतं. लग्न असो की मयत, ती सांगेल तेवढीच पानं मांडली जात. तिने लिंबाची जेली आणली होती.

“काय बोलावं कळत नाही गं,” लव्हॉन म्हणाली.

“बस ना.”

“नको, तुला त्रास नको,” म्हणून लव्हॉन बसली. “इतक्या वर्षांचं सगळं, आणि असं एकदम संपलं.”

मार्लिसचे डोळे भरून आले. आठवडाभर तिने खोक्यांमध्ये घर भरलं होतं आणि कुणी तिला हे एवढं सरळ म्हटलं नव्हतं. “मला वाटलं होतं गं, निदान वसंत तरी बघायला मिळेल.”

“आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण म्हणायचं, सुटका झाली. जिन्याचा किती त्रास व्हायचा त्याला.”

“हो ना. आता जिना नाही.”

लव्हॉनने एकदा छताकडे बघितलं आणि मान खाली घातली. “भला माणूस,” ती म्हणाली. “थोडा चिकट, पण भला.”

ती गेल्यावर मार्लिस आत आली तेव्हा ड्वेन उशीला टेकून ताठ बसला होता.

“मार्लिस, मी मेलोय.”

“पाय फार दुखतोय का?”

“अगं खरंच मेलोय. गावाच्या हिशेबाने. गेलनची शेगडी, मी पंपावर नाही, तुझा तो फोन. या हॉटडिश माझ्या आहेत.” त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र तेज आलं होतं. “आणि ती लव्हॉन! मी इतके हिवाळे तिच्या दारातला बर्फ फुकट उपसला आणि माझ्या मयताला नुसती जेली?”

मार्लिस मटकन पलंगावर बसली. “आत्ताच्या आत्ता लव्हॉनला फोन करते.”

“उद्या कर. अजून बऱ्याच जणी यायच्या आहेत. माणसाबद्दल लोक एकदाच चांगलं बोलतात, आणि तेव्हा नेमका तो ऐकायला नसतो.”

“ड्वेन, हे पाप आहे.”

तिने फोन लावला. पण लव्हॉनसमोर आजवर कुणाचं वाक्य पुरं झालं नव्हतं. “तू एक अक्षर बोलू नकोस,” लव्हॉन म्हणाली. “सगळं आम्ही बघतो. शुक्रवारी सकाळी उचलायला सहा जण येतील, चांगले धट्टेकट्टे. ऑर्लिन स्वतः येतोय.”

मार्लिसने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर अंगणातल्या शेगडीखालून मुळांसकट काढायचे मातीचे ते तीन गड्डे आले. एकेक गड्डा वासराएवढा जड, ड्वेन लंगडा, गेलन एकटा, आणि शनिवारी किल्ल्या द्यायच्या.

“देव तुझं भलं करो, लव्हॉन,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

“सांगितलंस?”

“सांगणारच होते रे.” मार्लिसचा चेहरा लाल झाला होता. “पण ती सहा माणसं म्हणाली.”

बेचाळीस वर्षांच्या संसारात ड्वेनने बायकोकडे एवढ्या आदराने कधी बघितलं नव्हतं. मार्लिसला मात्र रात्रभर झोप लागली नाही. आईने हे बघितलं असतं तर काय म्हटलं असतं, याचा ती विचार करत राहिली. आणि आई बहुधा गड्डे नीट बांधलेत ना एवढंच विचारेल, असं वाटून तिला आणखी अपराधी वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी गेलन शेगडी घेऊन गेला आणि शुक्रवारी उजाडताच फावडं घेऊन परत आला. जमीन वाफाळत होती. मार्लिस गुडघ्यांवर बसली आणि तिने काळ्या मातीत बोटं घातली. थोडं उकरल्यावर तिला तो हाती लागला: गुलाबी, टोकदार, हरभऱ्याएवढा कोंबाचा डोळा. मग दुसरा, आणि त्याच्या बाजूला चांगला झुबका. सगळे झोपलेले, सगळे जिवंत. तिला रडू आलं आणि थंडीमुळे गालावरच थिजलं.

तेवढ्यात पुढची घंटी वाजली. मार्लिसचे हात चिखलाने भरलेले, म्हणून तिच्या आधी ड्वेनच कुबडी टेकत दारापर्यंत पोचला. त्याच्या हातात हॉटडिशची बशी होती. दारात काळे कोट घातलेले सहा म्हातारे टोप्या छातीशी धरून उभे होते.

दुसऱ्या गावात कुणी किंचाळलं असतं, कुणी चक्कर येऊन पडलं असतं. ऑर्लिनने ड्वेनला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“बरा दिसतोयस,” तो शेवटी म्हणाला.

“ठीक आहे,” ड्वेन म्हणाला. “पाय जरा दुखतो.”

“पाय होय.” ऑर्लिनने खिशातून रुमाल काढला आणि खूप वेळ नाक शिंकरलं. त्याचे डोळे लाल झाले होते. “आज थंडी फार आहे,” तो म्हणाला, आणि मग एकदम उसळला, “गाढवा! काल मी चर्चमध्ये तुझ्याबद्दल बोललो, उभा राहून!”

“काय बोललास?”

“आता नाही सांगणार.”

मागून लव्हॉन मयताच्या जेवणासाठी कापलेल्या हॅमचं मोठं ताट घेऊन वर आली, तिने ड्वेनला बघितलं, ताटाकडे बघितलं. “हॅम तर कापलंय,” ती म्हणाली. “खाऊन टाकायला हवं.”

मार्लिसने चिखलाचे हात पुसत सगळ्यांना सगळं सांगितलं: गिरमिट, पाणी, घोटा, शेगडी आणि फोनवर गिळलेलं ते वाक्य. सहाही जणांनी कोटाच्या बाह्या सारल्या आणि ते मागच्या अंगणात गेले. गेलनने खणून गोणपाटात बांधलेला एकेक गड्डा सहा जणांनी मिळून उचलला. ते घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आले तेव्हा चाल आपोआप संथ झाली. सवय, दुसरं काय. मार्लिस त्यांच्यामागून चालत होती. रिकाम्या खिडक्यांवरून तिची नजर फिरली आणि आपण या घराला पोचवायला निघालोय असं तिला वाटलं. तिने ते ड्वेनला सांगितलंही. तो नुसता हं म्हणाला आणि त्याने तिचा दंड धरला.

तिन्ही गड्डे गाडीत चढल्यावर ऑर्लिनने हात झटकले. “तिकडे खड्डे तयार आहेत ना?”

“कुठे?”

“नव्या घरी. तिथलीही जमीन गोठलेलीच असणार की.”

मार्लिसने ड्वेनकडे बघितलं. ड्वेनने आकाशाकडे बघितलं. जिने जन्मभर बाग केली, शेजारणींना अक्कल शिकवली, त्या बाईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. इथून काढायचं एवढाच तिने ध्यास घेतला होता.

“गॅरेजमध्ये ठेवा,” कुणीतरी सुचवलं.

“तिथलं गॅरेज गरम असतं,” मार्लिस म्हणाली. “पंधरा दिवसांत जागी होतील बिचारी आणि मरतील. आणि बाहेर काही ठेवायला सोसायटीची बंदी आहे, बर्फाचा नांगर फिरतो.” तिने एका गड्ड्याच्या गोणपाटावर हात ठेवला. “मी काढली नसती तर निदान आईच्या मातीत तरी मेली असती.”

लव्हॉनने ताट खाली ठेवलं. तेव्हा गेलन, ज्याने सकाळपासून चार शब्द उच्चारले नव्हते, घसा खाकरून म्हणाला, “बाई, एक खड्डा आहे. खणलेला.”

“कुठे?”

“तुमचाच आहे. म्हणजे, यांचा.” त्याने ड्वेनकडे बोट केलं. “लव्हॉनबाईंनी परवा सांगितलं, टॉलफसनांची राखून ठेवलेली जागा शनिवारपर्यंत खणून ठेव. माझी शेगडी तुमच्याकडे होती, म्हणून शेजारच्या गावची आणून लावली आणि काल रात्री खणून टाकला.”

“अरे, पण मी जिवंत आहे हे तुला ठाऊक होतं ना?” ड्वेन ओरडला. “काल माझ्यासमोर बसून कॉफी प्यायलास!”

“होतं ना,” गेलन म्हणाला. “मला वाटलं, आगाऊ तयारी करताय. हल्ली करतात लोक. म्हटलं, विचारणं बरं दिसत नाही.”

“आणि कबरस्तानात झाडं लावायची बंदी आहे, त्याचं काय?” लव्हॉनने विचारलं.

गेलनने थोडा विचार केला. “ती बंदी उन्हाळ्यात गवत कापताना आड येतात म्हणून. हिवाळ्याचं नियमात काही म्हटलेलं नाही.”

सगळे तिथून तसेच निघाले. टेकडीवर वारा सणसणत होता. ड्वेन कुबडीवर रेलून आपल्या खड्ड्यात डोकावला. खड्डा नीटनेटका होता, गेलनचं काम नेहमीच चोख असे.

“जवळजवळ सगळी माती परत भरा,” मार्लिस खड्ड्याच्या काठावरून सांगत होती. “पुष्कळ भरा. पिओनी खोल गेली की फुलत नाही. डोळे मातीखाली दोन बोटं, बास.”

“मला सहा फूट आणि यांना दोन बोटं,” ड्वेन म्हणाला.

“तू कुठे फुलणार आहेस?” ऑर्लिन म्हणाला, आणि हसता हसता सहाही जणांनी माती ओढली.

दुसऱ्या दिवशी मार्लिसने किल्ल्या त्या गोड पोराच्या हातात दिल्या, आणि शहराच्या रस्त्याला लागेपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर मात्र तिने सगळा हिवाळा मागेच बघितलं. नवं घर उबदार होतं, सपाट होतं, खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी होती. रात्री जाग आली की मार्लिसचा पाय जुन्या घरातल्या पायऱ्या शोधायचा. झुडपं जगली असतील का, एवढंच ती ड्वेनला विचारायची. तो दर वेळी म्हणायचा, “माझ्या जागेत आहेत, मजेत असतील.”

जूनमध्ये गेलनचा फोन आला. “बाई, एक आलंय,” एवढंच तो म्हणाला. हलवलेली पिओनी वर्ष-दोन वर्षं रुसून बसते, एकही फूल धरत नाही. हे मार्लिसला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिचा विश्वास बसेना. ड्वेनने तिला गाडीत घातलं. टेकडीवर, टॉलफसन एवढंच कोरलेल्या दगडासमोर, लाल देठांच्या गर्दीत एकच फूल होतं, फिकं गुलाबी, दुधाच्या वाटीएवढं. मार्लिस गवतात बसली. वास आला तशी ती जराशी उठली आणि परत बसली.

सप्टेंबरात मुलगी म्हणाली, “आई, आता हलवायचा खरा मोसम आहे. सोसायटीने खिडकीखालची पट्टी द्यायचं कबूल केलंय. जाऊन घेऊन येऊ या का?”

मार्लिसने खिडकीखालच्या त्या पट्टीकडे बघितलं. “नको,” ती म्हणाली. “दोनदा घर सुटलं त्यांचं. आता त्यांना कुणी उठवायचं नाही. आपणच जाऊ त्यांच्याकडे राहायला.”

“घाई नाही,” ड्वेन म्हणाला.